सर्वानुमते मंजूर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हिंमतराव जगदाळे सर. व्यासपीठावर बसलेले संस्थेचे सन्माननीय पदाधिकारी. माझ्याबद्दल आत्ताच भरभरून बोललेले माझे तरुण सहकारी प्रा. आनंद लिमये, समोर बसलेले आजी-माजी विद्यार्थी, ग्रंथालयातली आणि कार्यालयातली मंडळी, आणि दाराजवळच्या रांगेत, म्हणजे लवकर निघता यावं अशा बेताने बसलेले माझे स्नेही. आपणा सर्वांना नमस्कार.

एप्रिलच्या अखेरीला पुण्यात माणसाच्या खांद्यावर शाल घालायची आणि वर त्याला बोलायला सांगायचं, हा कुठला सत्कार, हे मला बत्तीस वर्षांत कळलेलं नाही. अध्यक्षांची परवानगी असेल तर मी ती काढून ठेवते. धन्यवाद, सर.

आनंद म्हणाले, पद्मजाताईंचा हुकूमशहाचा धडा ऐकायला दुसऱ्या वर्गातली मुलंसुद्धा यायची. खरं आहे. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला राजकीय समाजशास्त्र हा विषय मी १९७८ पासून शिकवला. त्यात एक प्रकरण होतं: एखादा सामान्य माणूस सगळ्या देशाच्या डोक्यावर कसा बसतो आणि देश त्याला आनंदाने का बसू देतो. मुलं आपसांत त्याला ‘मॅडमचा हिटलर’ म्हणत. ‘आज मॅडमचा हिटलर आहे, डबा नंतर खाऊ.’ मला ते कानावर यायचं आणि, कबूल करते, आवडायचं.

काय शिकवायचे मी? की हरलेलं युद्ध, बुडालेली नोकरी, दुखावलेला मध्यमवर्ग असं सगळं एकत्र आलं की माणसं तारणहार शोधू लागतात. की करिष्मा नावाची वस्तू नेत्याच्या अंगात नसते, ती बघणाऱ्यांच्या डोळ्यांत असते. की गिरणी, गाव, गल्ली, युनियन अशा जुन्या गाठी सुटल्या की माणूस एकटा पडतो, आणि एकटा माणूस जमावात चटकन विरघळतो. फळ्यावर बाण काढायचे. घंटा होताना शेवटचं वाक्य संपायचं. दरवर्षी तेच वाक्य, तीच घंटा.

आज मला त्या धड्याविषयीच बोलायचं आहे. पण पुस्तकातल्या नाही. निरोपाच्या भाषणात माणसाने संस्थेचे उपकार मानावेत, दोन विनोद करावेत आणि खाली बसावं, हे मला ठाऊक आहे. बाहेर बटाटेवडे थंड होताहेत, हेही ठाऊक आहे. तरी पंधरा-वीस मिनिटं मागते. दमले आहे मी. ही गोष्ट घेऊन घरी जायचं बळ आता नाही.

मी बिबवेवाडीला राहते. चढावरची सोसायटी आहे, चौसष्ट फ्लॅट. नाव सांगत नाही, सभासद हयात आहेत. १९९८ साली आम्ही तिथे राहायला गेलो. आम्ही म्हणजे मी आणि माझा मुलगा. पुढच्याच वर्षी तो कॉम्प्युटरच्या कामाला अमेरिकेला गेला. त्या वर्षी सगळ्यांचीच मुलं जात होती. आमच्या जिन्यातल्या बारा फ्लॅटपैकी सात घरांत म्हातारा-म्हातारी आणि टेलिफोन उरला होता. उरलेल्या घरांतले पुरुष भर दुपारी बनियनवर गॅलरीत उभे दिसायचे. पंचेचाळीस-पन्नाशीची धडधाकट माणसं. कारखान्यांनी स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी पाठवलेली. तिच्यात स्वेच्छा कोणाची होती, हे विचारायची सोय नव्हती.

त्यांतलेच एक बाबुराव इंगवले. मूळचे सासवडकडचे. एका इंजिनच्या कारखान्यात पंचवीस वर्षं सुपरवायझर. हाताखाली साठ माणसं. आणि एका सोमवारी एकही नाही. बुटके, शांत, मिशीवरून हात फिरवत ऐकणारे. सोसायटीत कोणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हतं.

चढावर असल्यामुळे आमच्याकडे पाणी चढायचं नाही. टँकर मागवायचा, तो खालच्याच इमारतीने अडवायचा, मग भांडणं. कमिटी होती सात जणांची. ती बैठका घ्यायची, चहा प्यायची आणि पत्र लिहायची. २००० सालच्या एप्रिलमध्ये सलग नऊ दिवस पाणी आलं नाही. दहाव्या दिवशी पहाटे बाबुराव घडीच्या खुर्च्या घेऊन निघाले. बरोबर दहा-बारा माणसं, सगळी त्या गॅलरीतली. व्हॉल्व्हच्या खोलीसमोर खुर्च्या मांडल्या आणि बसले. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. बाबुराव एवढंच म्हणाले, “पाणी येस्तोवर आमी हितंच हाय.”

सव्वापाच वाजता पाणी आलं.

बायकांनी त्यांना ओवाळलं हो! मीही त्यांत होते, उगीच नाही कशाला म्हणू. पुढे कित्येक महिन्यांनी पालिकेच्या एका माणसाकडून कळलं की पाइपाची दुरुस्ती आदल्या संध्याकाळीच संपली होती. पाणी पहाटे सोडायचं आधीच ठरलेलं होतं. बाबुराव घरी झोपले असते तरी ते आलंच असतं. पण तोपर्यंत हे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. मी तरी कोणाला सांगितलं? नाही सांगितलं.

बाबुरावांचे ‘भाऊ’ झाले, भाऊंचे ‘साहेब’. गॅलरीतल्या माणसांना त्यांनी कामं वाटून दिली. कोणी पाणीप्रमुख, कोणी जिनाप्रमुख, कोणी फाटकप्रमुख. प्रत्येकाला फोटो लावलेलं कार्ड दिलं, निळ्या पट्टीने गळ्यात अडकवायचं. त्यांच्या मुलांच्या गळ्यांत हिंजवडीला असतं ना, अगदी तसंच. वर्षानुवर्षं दाढी न केलेली माणसं सकाळी सातला दाढी करून, कार्ड घालून खाली हजर व्हायला लागली. हसू नका. मी तेव्हा हसले होते, आणि घरी येऊन वहीत टिपण केलं होतं: ‘प्रतिष्ठेची पुनःप्राप्ती.’ धड्यासाठी चांगलं उदाहरण मिळालं, असं मला वाटलं.

पुढच्या वर्षी निवडणूक झाली नाही. कोणी मागितलीच नाही. मी एकदा सहज म्हटलं, “साहेब, कमिटी तरी असावी.” त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, “मॅडम, सात डोकी म्हंजी सात मतं. पाणी काय सात नळातनं येतं का?”

मी त्यांनी दिलेलं पाणी प्यायले. माझ्याकडे त्या विषयावरची दोन कपाटं पुस्तकं होती.

मग म्हणाले, “माझं मराठी कारखान्यातलं. तुमी लिव्हलं की लोकांना पटतं. नोटिशी तुमी लिहा.”

आणि मी लिहायला लागले. का? त्याच वर्षी विभागप्रमुखपद माझ्याऐवजी दुसऱ्याला मिळालं होतं. मुलाचा फोन पंधरा दिवसांनी यायचा. आणि इथे एक माणूस रोज संध्याकाळी जिना चढून माझ्या दाराशी येत होता आणि म्हणत होता, मॅडम, तुमच्याशिवाय व्हायचं नाही. मला कार्ड नव्हतं मिळालं. माझं कार्ड म्हणजे ते वाक्य.

आता दशरथ मेश्राम. आमच्याच जिन्यात, तिसऱ्या मजल्यावर. भंडाऱ्याकडचे. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली नागपूरला धम्मदीक्षा घेतलेली. स्वतः तार ऑफिसातून निवृत्त झालेले. मोजकं बोलायचे, शब्दामागे पैसे पडतात, ही तारेची सवय. पत्नी शालूताई. पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, वर्षभर त्या पलंगावरच होत्या.

मेश्रामांनी २००२ च्या फेब्रुवारीत सहकार खात्याला साध्या पोस्टाने एक अर्ज पाठवला. चार ओळींचा. आमच्या संस्थेची निवडणूक दोन वर्षं झालेली नाही, ती कधी होणार, याची चौकशी व्हावी. बस्स.

खात्याचं पत्र आलं आणि सोसायटीत वणवा पेटला. आता सरकारी माणूस येणार, साहेबांना काढणार, मग पाणी जाणार. हे कोणी पसरवलं? कोणी पसरवावं लागलंच नाही. जिन्यात लोक हळू आवाजात बोलायचे. आम्ही सुशिक्षित माणसं, जातीचं नाव काढत नाही. आम्ही म्हणायचो, ‘त्यांची पद्धतच वेगळी’, ‘त्या लोकांना अर्ज करायची सवयच असते.’ मीही ते ऐकलं आणि माझा चहा संपवला.

मार्चमधला शनिवार. सकाळी वर्गात मी तोच धडा घेतला. संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सभा. साहेब उभे राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, “ज्याला आपलं पाणी नको असंल, त्याला आपण जबरदस्ती कशाला करायची? मेश्राम अर्ज माघारी घेत नाहीत, तवर त्यांच्या घराचा व्हॉल्व्ह बंद. हात वर करा.”

मेश्राम उठले. “माझी पत्नी आजारी आहे,” ते म्हणाले. “अर्ज मी मागे घेणार नाही. निवडणूक कधी, एवढंच विचारलं आहे.” आणि खाली बसले.

हात वर झाले. माझाही.

मुलांनो, मी तुम्हाला शिकवलं की माणसं भीतीपोटी हात वर करतात. मी भ्याले नव्हते. मला कोण काय करणार होतं? खरं सांगते, मला बरं वाटलं. शेजारच्या राधाताईंचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता. त्या वर्षात पहिल्यांदा मला वाटलं, आपण कुठेतरी आहोत. एवढंच होतं ते. इतकं लहान.

इतिवृत्त मीच लिहिलं. ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’ ते खोटं होतं. मेश्राम तर सोडाच, पण बी विंगमधल्या मुक्ताई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, त्यांनीही हात वर केला नव्हता. नंतर कोणीतरी विचारलं तर म्हणाल्या, “मला ऐकायलाच आलं नाही बाई, काय चाललंय ते.” खरंच ऐकू आलं नव्हतं की त्या पक्क्या होत्या, ते मला आजतागायत कळलेलं नाही. चौसष्ट घरांच्या सभेत जी एक बाई चुकली नाही, तिच्याबद्दल माझं शास्त्र एवढंच सांगू शकतं.

त्या सभेला, मागे जिन्याच्या पायरीवर, माझी एक विद्यार्थिनी बसली होती. रुपाली वासनिक. विदर्भातूनच आलेली, एम. ए. करत होती आणि आमच्या सोसायटीत एका घरी पैसे देऊन राहायची. भाडेकरूला मत नसतं, त्यामुळे ती नुसती बघत होती. सकाळी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर, संध्याकाळी त्या पायरीवर.

सोमवारी धडा पुढे सुरू केला. रुपालीने हात वर केला. वर्गात हात प्रश्नासाठी वर होतो, हे किती चांगलं आहे, नाही?

“मॅडम, एक विचारू? हात वर करणाऱ्या माणसाला त्या क्षणी काय वाटत असतं? पुस्तकात ते कुठे दिलंय?”

मी तिच्याकडे पाहिलं. ती उर्मटपणे विचारत नव्हती. तिला खरंच हवं होतं ते. मी अजून काही बोलू शकेन, असं तिला वाटत होतं.

मी म्हणाले, “परीक्षेच्या दृष्टीने ते महत्त्वाचं नाही.”

वर्ग हसला. पुण्याच्या बाईंनी तिरकस उत्तर दिलं की वर्ग हसतोच. ती नाही हसली. तिने वही मिटली.

व्हॉल्व्ह अकरा दिवस बंद होता. रस्त्यापलीकडे एक सार्वजनिक नळ होता. बासष्ट वर्षांचे मेश्राम तिथून कॅन भरायचे आणि तीन मजले चढायचे. शालूताईंचं सगळं पलंगावर. पाणी किती लागत असेल, बायकांना सांगायला नको. दुसऱ्या दिवसापासून रुपाली दुसरा कॅन धरायला लागली. फाटकप्रमुखाने तिला हटकलं, तर ती म्हणाली, “काका, मी सभासद नाही. मला तुमचा ठराव लागू होत नाही.” आठवड्याअखेर घरमालकिणीने तिला खोली सोडायला सांगितली.

एका संध्याकाळी मी कॉलेजातून परतत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मेश्राम कॅन टेकवून दम घेत होते. मला बघून त्यांनी कॅन भिंतीकडे सरकवला, स्वतः भिंतीला टेकले आणि म्हणाले, “या मॅडम. तुम्ही आधी.”

आणि मी गेले. त्यांच्या पुढून, पदर सावरत. ‘थँक्यू’ म्हणाले.

बाराव्या दिवशी ते टेम्पो घेऊन आले. शालूताईंना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. आमच्या दारावरून गेले. मी घरात होते. विश्रांतवाडीला त्यांच्या मेव्हण्याच्या शेजारी खोली मिळाली होती.

पुढे बाबुरावांचं काय झालं, असं तुमच्या मनात येत असेल. बंड झालं का? कोणी उभं राहिलं का? काही नाही. दोन वर्षांनी पालिकेने मोठी पाइपलाइन टाकली. पाणी दोन वेळा यायला लागलं. रविवारच्या सभेला आधी चाळीस माणसं, मग पंधरा, मग चार. कार्डं खिळ्यांना लटकली. मुलांनी आयटीच्या पगारावर बाणेरला, खराडीला घरं घेतली आणि आई-बापांना नेलं. एक दिवस साध्या पद्धतीने निवडणूक झाली. बाबुराव उभेच राहिले नाहीत. आता ते संध्याकाळी बागेत एकटे चालतात. आणि सोसायटीत कोणालाही विचारा. “आम्हाला तो माणूस कधीच पटला नव्हता.” इतिवृत्ताचं पुस्तक कपाटात आहे. अक्षर माझं आहे.

त्यानंतर आठ वर्षं मी तो धडा शिकवत राहिले. बाण काढत राहिले. रुपालीने एम. ए. अर्ध्यावर सोडलं. हिंजवडीला एका कंपनीत आहे, असं ऐकते. आजचं निमंत्रण तिला पाठवलं होतं. उत्तर नाही आलं. का यावं?

मागच्या महिन्यात या समारंभाच्या पत्रिका छापून आल्या, तेव्हा एक घेऊन मी विश्रांतवाडीला गेले. पत्ता शोधायला दोन तास लागले. मेश्रामांनीच दार उघडलं. सत्तरीचे आहेत. चष्मा जाड झालाय. मला ओळखलं.

“या मॅडम. बसा ना.”

भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली शालूताईंचा फोटो, हार घातलेला. चार वर्षं झाली म्हणाले. मी आत येताना जे पाठ करून आले होते ते सगळं विसरले. पत्रिका हातातच राहिली. कसंबसं म्हणाले, “मेश्राम, त्या दिवशी माझं चुकलं.”

त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, “मी त्या दिवशी तुमच्याकडेच बघत होतो.”

“माझ्याकडे? काहून?” ‘का’ म्हणायचा त्यांच्या भंडाऱ्याकडचा शब्द माझ्या तोंडून निघाला. त्यावर ते किंचित हसले.

“बाबुरावाचा मला राग नाही. त्याला तेवढंच येत होतं. तुम्हाला दुसरं येत होतं, मॅडम. मला वाटलं, या बाई उठतील. शालूलाही मी खाली येताना तसंच सांगून आलो होतो. घाबरू नको, प्रोफेसरबाई आहेत सभेत.”

बत्तीस वर्षं मी वर्गासमोर एकदाही अडखळले नाही, हे आनंदनी आत्ताच सांगितलं. तिथे मी हातातल्या पत्रिकेची घडी घालत बसले.

त्यांनी आत जाऊन चहा केला. स्वतः केला. कप ठेवताना विचारलं, “हे पोरांना सांगता का तुम्ही, वर्गात?”

“नाही.”

“मग काय सांगता?”

मी त्यांना सांगितलं: युद्ध, बेकारी, मध्यमवर्ग, करिष्मा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “ते बरोबरच असेल. पण त्यात तुम्ही कुठे आहात?”

समारंभाला यायला मात्र नाही म्हणाले. “त्या सभेपासून टाळ्या वाजल्या की मला बसवत नाही.” एवढंच.

तर मंडळी, मी हे सांगितलं ते त्यांच्या प्रश्नामुळे. धडा चुकीचा होता असं मी म्हणत नाही. त्यातलं प्रत्येक कारण खरं आहे आणि परीक्षेत लिहा, गुण मिळतील. फक्त ती सगळी कारणं नेहमी दुसऱ्यांची असतात. जर्मनांची असतात, गॅलरीत उभ्या राहिलेल्या माणसांची असतात, बाबुरावांची असतात. मी माझंही एखादं कारण फळ्यावर लिहायला हवं होतं. आनंद, माझी टिपणं तुम्ही मागितलीत, ती टेबलावर ठेवली आहेत, घ्या. पण शिकवायच्या आधी तुमच्या सोसायटीत काय चाललंय, ते एकदा बघून या.

आता आभार. संस्थेने मला उपजीविका दिली आणि मान दिला. त्याबद्दल ऋणी आहे. ग्रंथालयातल्या दीपालीताईंनी मुदत संपलेली पुस्तकं किती वेळा निमूटपणे पुन्हा माझ्या नावावर लावून दिली, त्याच्या दंडाचा हिशेब ठेवला असता तर माझं निवृत्तिवेतन गेलं असतं. विद्यार्थ्यांनी ऐकून घेतलं, त्यांनी प्रश्न विचारले. जो प्रश्न मी हसण्यावारी नेला, तो विचारल्याबद्दल त्या गैरहजर मुलीचे विशेष आभार.

अध्यक्ष महाराज, आपण दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलले, समारंभाला न शोभणारं बोलले, एखाद्याचा उल्लेख राहून गेला असेल, त्या सगळ्याबद्दल या सभागृहाची क्षमा मागते आणि ती आपण मोठ्या मनाने कराल, अशी खात्री आहे. दुसरी क्षमा मी विश्रांतवाडीत मागून आले आहे. ती मिळाली की नुसता चहा मिळाला, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

नमस्कार.